नवी फळी आणि सुतारपक्षी

“त्याला धरा! अहो, त्याला धरा!”

घसरता घसरता ती एवढंच ओरडली. सभागृहाचा रंगमंच सांभाळणारा तो उंचेला माणूस धावत आला आणि त्यानं खरंच ‘त्याला’च धरलं. म्हणजे तिच्या डबल बेसला, त्या अवाढव्य व्हायोलिनसारख्या वाद्याला. तिच्यापेक्षा हातभर उंच असलेलं ते लाकडी धूड त्यानं अलगद कवेत घेतलं. ती मात्र सकाळीच पॉलिश केलेल्या फळ्यांवर सपशेल आपटली.

“आणि मला कुणी धरायचं?” तिनं बसल्या जागेवरूनच विचारलं.

“तुम्हीच म्हणालात ना, त्याला धरा म्हणून!” वाद्य छातीशी घेऊन तो तसाच उभा. “शिवाय... तुमच्यापेक्षा तेच जरा नाजूक दिसलं.”

आता यावर चिडावं की हसावं? ती चिडणारच होती, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झालेल्या दिसल्या आणि तिला हसूच फुटलं.

डबल बेसच्या बुडाशी एक लोखंडी दांडा असतो, सगळा भार त्याच्यावर. दांड्याच्या टोकाला तिनं रबरी टोपी घातली होती आणि त्या चकचकीत पॉलिशवर ती साबणासारखी सरकली. दुसऱ्या दिवशी तिनं टोपीच काढून टाकली. अणकुचीदार टोक थेट फळीत रुतवलं की वाद्य जागचं हलत नाही. फळीला भोक पडतं, एवढंच.

झालं! भांडणाला कारण मिळालं.

“काय सुतारपक्षी, आज कुठं टोच मारलीत?” तालीम संपली की तो भुसा आणि सरस कालवून भोकं बुजवायला गुडघ्यांवर बसायचा.

“शोधा की. रंगमंच तुमचा!”

“नवऱ्याला जरा हळू टेकवत जा हो.”

ही थट्टा तिला नवी नव्हती. वाद्य पाठीवर घेऊन निघाली की कोपऱ्यावरचा फुलवालासुद्धा विचारायचा, “आज यजमानांची स्वारी कुठं?” आई तर उसासे टाकायची, “माझ्या पोरीचं लग्न त्या धुडाशीच लागलंय!” पण तेच हा म्हणाला की का कोण जाणे... ती उगीचच तारा जुळवत बसायची.

दुपारी रंगमंचामागच्या खोलीत ती शिकवायची. तिथं दातांच्या निवृत्त डॉक्टरीणबाई यायच्या, मोठ्या हौसेनं आणि त्याहून मोठ्या जोरानं वाजवायला.

“अहो, तार आहे ती, दाढ नव्हे! उपटू नका. बोट सोडा, हात सैल, खांद्याचं वजन पडू द्या.”

दाराबाहेर कुणीतरी फिसकन हसलं.

“बाई,” डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “आपल्या या दाराला हल्ली रोज दुपारी पॉलिश लागतं, नाही?”

एकदा त्यानं आपणहून विषय काढला. “कार्यक्रमात तुम्ही मला दिसतच नाही. पडद्याआड माझं स्टूल असतं ना, तिथून मधे पियानोचं झाकण येतं. तुमच्या वाद्याचं डोकं तेवढं दिसतं.”

“ऐकू तरी येते का मी?”

“पायांना.” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “तुम्ही खालचा सूर धरलात की फळ्या थरथरतात. मी... बूट काढून बसतो.”

त्या संध्याकाळी घरी तीही अनवाणी उभी राहिली आणि सगळ्यात जाड तार वाजवत राहिली. खरंच, सूर तळव्यांना कळत होता. वेडी झाले मी, ती स्वतःशीच म्हणाली.

आणि नेमकं तेव्हाच बोलावणं आलं. मोठ्या फिरत्या वाद्यवृंदात कायमची जागा. किती वर्षं तिनं या जागेचा ध्यास घेतला होता! आईला तर आकाश ठेंगणं झालं. तिनं त्याला सांगितलं, जीव मुठीत धरून.

“चांगलं झालं,” सरस कालवता कालवता, मान वर न करता तो म्हणाला. “सुटल्या माझ्या फळ्या.”

“हो ना!” तीही ठसक्यात म्हणाली आणि घरी जाऊन ढसाढसा रडली. एकदा ‘जाऊ नका’ म्हणाला असता तर काय जीभ झडली असती त्याची?

मग रंगमंचाच्या फळ्या बदलायला सभागृह बंद राहिलं. ते उघडलं ते तिच्या शेवटच्या कार्यक्रमालाच. वाद्यवृंदाला उत्तरही त्याच दिवशी कळवायचं होतं. नव्या कोऱ्या फळ्या, ताज्या लाकडाचा वास, कुठं ओरखडा नाही. तिनं मुकाट्यानं पिशवीतून रबरी टोपी काढली.

“ती कशाला?” मागून आवाज आला. “इकडे या.”

त्यानं बोट दाखवलं. नव्या फळीत एक इवलंसं भोक होतं आणि त्याच्याभोवती नीट बसवलेलं पितळी कडं.

“तुम्ही पाडलंत? या फळीला?”

“हं.”

“मी चाललेय, हे माहीत असून?”

“जा ना. एवढ्या कष्टानं मिळवलंय, अडवणारा मी कोण? पण हे... हे मी बुजवणार नाही. कधीच.”

काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, “जागा चुकलीय हो. मी पियानोच्या मागे असते. हे चांगलं दोन हात पुढे आलंय.”

“चुकलेली नाही.” कान पुन्हा लालबुंद. “स्टुलावर बसून बसून बघितलंय मी. इथं उभ्या राहिलात की... सगळ्या दिसता.”

तिनं वाद्य पुढे आणलं. दांडा कड्यात टेकवला, तो चपखल बसला. तिनं सगळ्यात खालचा सूर धरला. समोर तो वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“मी त्यांना एका हंगामासाठी हो म्हणणार आहे,” तारांवरचा गज थांबवून ती म्हणाली. “कायमसाठी नाही. मग परत येईन... इथंच.”

“या. वाट बघतो.”

“आणि पुन्हा घसरले तर?”

“त्याला आता त्याची जागा आहे,” तो पुढे आला, वाद्याला वळसा घालून, थेट तिच्याकडे. “या वेळी तुला धरीन.”