दुसऱ्याचं मूल

जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून चिमी घसरली आणि तिची हनुवटी फुटली, तेव्हा वहिनी नुकतीच हॉस्पिटलातून घरात पाऊल टाकत होती. अंगावर नर्सचा गणवेश तसाच, पायातले बूटही काढलेले नव्हते... तिने पर्स खुर्चीवर भिरकावली, कपाटातून कापूस आणि औषध काढलं आणि रडणाऱ्या लेकीला मांडीवर ओढून घेतलं. वॉर्डातली दुखणाईत माणसं ज्या हातांची डोळ्यांत प्राण आणून वाट बघत, ते हात लेकीच्या हनुवटीपाशी पोहोचले मात्र, चिमीने सारं बळ एकवटून ते दूर ढकलले.

"तू नको. आत्या पाहिजे."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या काळजात लख्खकन आनंदाची एक लहर उठली आणि दुसऱ्याच क्षणी त्या आनंदाची तिला अशी काही लाज वाटली, की तिला वहिनीकडे मान वर करून बघवेना. वहिनीने कापूस नणंदेच्या हातात दिला, औषध कसं लावायचं ते एखाद्या परक्या बाईला सांगावं तसं शांतपणे सांगितलं आणि मोरीत जाऊन नळ सोडला. नळ कितीतरी वेळ वाहत होता... आणि त्याच्या आवाजाआडून जो हुंदका ऐकू येत होता, तो आत्याने जखम पुसता पुसता ऐकला.

चिमी दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. ओंजळीत मावेल एवढा जीव, दूध ओढायचीही ताकद नव्हती. वहिनीची रजा संपत आली तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला, पोरीपाशी थांबायचं कुणी? दादाचं चष्म्याचं दुकान होतं. ते बंद ठेवता येईल हे दादाच्या तर मनात आलं नाहीच, पण त्या दोघींच्याही आलं नाही, इतकं ते सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. वहिनी नोकरी सोडायला तयार झाली. पण नर्सिंग म्हणजे तिचा श्वास होता. माहेरच्यांशी भांडून ती ते शिकली होती. मग दादाने आत्याकडे पाहिलं. आईवडिलांमागे ती भावाच्याच घरी राहत असे आणि शर्टाच्या कारखान्यात कापड बेतायच्या विभागात कामाला होती. तूच थांब की थोडे महिने, दादा म्हणाला, तुझी नोकरी काय, परत मिळेल.

ते थोडे महिने संपलेच नाहीत. चिमी रांगली, चालली, बोबडं बोलली, सारं आत्याच्या पदराला धरून. कारखान्यातला एक मेकॅनिक आत्याला लग्नाचं विचारून गेला होता. पोर जरा मोठी होऊ दे, असं ती त्याला सांगत राहिली, आणि एक दिवस तो दुसरीशी लग्न करून मोकळा झाला. आत्याने त्याचंही दुःख केलं नाही. संध्याकाळी मानेवर तो इवलासा उष्ण श्वास जाणवला, की तिला वाटे, मला कशाची उणीव आहे?

पण त्या दिवशी नळाचा आवाज थांबल्यावर तिने भिंतीपलीकडचं बोलणं ऐकलं. वहिनी नवऱ्याला सांगत होती, की ती उद्याच राजीनामा देणार. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच भयंकर होतं. ती म्हणत होती, की मी दिवसभर लोकांच्या लेकरांचे ताप उतरवते, आणि माझ्याच लेकराला माझा हात नकोसा झालाय. दादा म्हणाला, मग सोड, मी कुठे अडवलंय तुला?

आत्या अंथरुणावर चिमीला कुशीत घेऊन पडून राहिली. वहिनीला ती पुरती ओळखत होती. नोकरी सोडून घरात बसलेली वहिनी हसतमुखाने वावरली असती, आणि आतून करपत गेली असती. आणि तरी चिमीने आत्यालाच हाक मारली असती... जोवर आत्या त्या घरात होती तोवर. चिमीची शाळा आता सुरू होणार होती, आत्यावाचून घराचं निभलं असतं. एकीने दूर व्हायलाच हवं होतं. कुणी, ते आत्याला उमगलं, आणि ते उमगताच तिने पोरीला इतकं घट्ट धरलं, की ती झोपेतच कुरकुरली.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात जाऊन आली. जुनी जागा गेली होती. जिला तिने कात्री धरायला शिकवलं होतं ती मुलगी आता वरच्या टेबलावर होती. आत्याने खालचं, नव्या मुलींचं टेबल पत्करलं. घरी येऊन तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की ती कामावर परत जातेय आणि कारखान्याजवळ एक खोलीही बघून आलीय. दादा चकित झाला, मग चिडला. चिमी धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली आणि मीपण येणार म्हणाली. हीच वेळ होती. आता आपण मऊ पडलो तर पोर उद्या त्या खोलीच्या दारात येऊन उभी राहील, हे आत्याला दिसत होतं.

तिने कमरेभोवतीचे हात सोडवले. "कंटाळा आलाय मला," ती दादाकडे बघत म्हणाली, पण एकेक शब्द त्या लेकराला ऐकू जाईल असा. "दुसऱ्याचं मूल किती दिवस सांभाळायचं मी? मला माझं आयुष्य आहे की नाही?"

चिमी रडली नाही. ती नुसती बघत राहिली... मग मागे सरत सरत आईच्या साडीला जाऊन टेकली. वहिनीने तिला उचलून घेतलं. क्षणभर नणंद-भावजयांची नजरानजर झाली. वहिनीचे ओठ काही बोलायला विलग झाले आणि तसेच मिटले.

त्यानंतरची वर्षं आत्याने कशी काढली, ते तिचं तिलाच ठाऊक. वहिनीने राजीनामा दिला नाही, सकाळची पाळी मागून घेतली, आणि चिमीला आई मिळाली. शाळेच्या रस्त्यावर पलीकडच्या दुकानाआडून आत्या ते डोळे भरून बघे... वहिनी गणवेशातच लेकीला आणायला येई, लेक तिच्या हाताला लोंबकळत बडबड करत जाई. एकदा आत्याने स्वतः बेतून, शिवून फ्रॉक पाठवला. तो चिमीने अंगाला लावला नाही, असं दादा सांगून गेला. समोरासमोर भेट झालीच, तर पोर बरी आहेस ना म्हणून विचारी. पाहुण्याला विचारतात तसं.

आणि एक गोष्ट आत्याने कुणालाच सांगितली नाही. कारखान्यातलं काम तिला आवडू लागलं होतं. कापडाचे थर टेबलावर पसरताना, एका रेषेत कात्री चालवताना, तिचं मन हलकं होई. पुढे तो सबंध विभाग तिच्या हाताखाली आला, मुली तिला मानू लागल्या. ज्या दिवशी तिला फार समाधान वाटे, त्या दिवशी खोलीवर येऊन ती हटकून रडे. आपण पोरीला दूर लोटण्यासाठी जे खोटं बोललो, ते खरंच तर होत नाही ना?

मग एक दिवस दुपारी दादा कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. वहिनीला वॉर्डातच अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळू लागले. आत्या रोज हॉस्पिटलात जाऊन बसू लागली. चिमी आता कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली होती. ती खोलीत आली, की आत्या खुर्ची सोडून उठे.

वहिनीला घरी आणलं त्या दिवशी बाहेरच्या खोलीत तिचा पलंग मांडला. सगळे तिथेच होते. दादाने बहिणीजवळ विषय काढला. बाहेरची बाई ठेवली तर ती मनापासून करणार नाही, चिमीचं शिक्षण चालू आहे, आणि तू तर घरातलीच आहेस... एवढी वर्षं नोकरी झालीच की तुझी. आत्याने मान खाली घातली. तिचा होकार ओठांपर्यंत आलाच होता. या घराला नाही म्हणायला ती शिकलीच नव्हती.

"नाही."

पलंगावरून आलेला तो शब्द आधी कुणाला कळलाच नाही. वहिनीने डाव्या हाताने उशी रेटून मान उचलली होती.

"वन्सं... नोकरी... सोडणार नाहीत." एकेका शब्दासाठी तिला झगडावं लागत होतं, आणि तिने कुणालाही मदत करू दिली नाही. "एकदा... सोडली. पुरे झालं." मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुमचं... दुकान आहे. तुम्ही... थांबा."

पण वहिनीचं संपलं नव्हतं. तिने लेकीला जवळ बोलावलं.

"आत्याला... तुझा कंटाळा... कधीच नव्हता. तू माझी व्हावीस... म्हणून बोलली ती. मला... त्याच दिवशी कळलं. मी गप्प बसले..." तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. "मला... हवी होतीस तू."

आत्याने धावत जाऊन तिला सावरलं, पदराने तिचं तोंड पुसलं, बोलू नको गं, पुरे आता, असं काहीबाही पुटपुटत राहिली. दोघी एकमेकींना धरून रडल्या, इतक्या वर्षांचं साठलेलं रडल्या. चिमी मात्र भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी उभी होती.

"तुम्ही दोघींनी मला वाटून घेतलंत," ती म्हणाली. "मी वाईट आहे, म्हणून आत्या गेली, असं वाटायचं मला. कितीतरी वर्षं."

एवढं म्हणून ती आतल्या खोलीत निघून गेली.

दादाने दुकान दुपारनंतर बंद ठेवायला सुरुवात केली. आधी नाइलाजाने, तोंड पाडून. मग हळूहळू बायकोला भरवायची, कुशीवर वळवायची त्याला सवय झाली. एकदा आत्या आली, तर तो वहिनीचे केस विंचरत बसला होता आणि गुंता निघत नाही म्हणून वहिनी अर्ध्या तोंडाने त्याला हसत होती. संध्याकाळी आत्या कामावरून आली की तो उठे, आणि मग नणंद-भावजया बोलत बसत... वॉर्डातल्या गमती, कारखान्यातल्या मुलींची भांडणं. हे सुख आपल्याला इतक्या उशिरा का मिळालं, हा विचार आत्याला छळे; पण ते मिळालं होतं, हेही खरं होतं. पुढच्या थंडीत दुसरा झटका आला आणि वहिनी गेली. तेव्हा तिचा हात आत्याच्या हातात होता.

त्यानंतर एका संध्याकाळी कारखाना सुटला, तेव्हा चिमी फाटकाबाहेर उभी होती. नर्सिंगला प्रवेश मिळाला, तिने सांगितलं. दोघी गर्दीतून चालत राहिल्या. चौकाशी आल्यावर चिमीने विचारलं, "आत्या, खरं सांग. तुला हे काम आवडायचं?"

आत्याला एकदम खोटं सुचलं होतं. सवयीचं, सोयीचं, समोरच्याला बरं वाटेलसं. पण त्या खोट्याने काय काय झालं, ते तिने आयुष्यभर पाहिलं होतं.

"आवडायचं," ती म्हणाली. "आणि तुझ्यावाचून रोज जीव तुटायचा. दोन्ही खरं आहे, बाळा."

चिमी थांबली. तिने आत्याच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली, एकदाच डोळे पुसले, आणि मग तिचा दंड धरून ती तिला रस्ता ओलांडून घेऊन गेली.