चंपतरावांचं ताट

कंदिलाची वात जरा वर करा, वीज काही एवढ्यात येत नाही. सूनबाईचा स्वयंपाक होईपर्यंत आमच्या लडाखच्या सहलीची गोष्ट सांगतो.

त्र्याऐंशी सालचा जून. आमच्या सक्करदऱ्याच्या विणकर वस्तीत मागावर बसलं की विणता विणताच साडी घामाने भिजायची. आमच्यातलाच एक लहानू माग सोडून सहली काढायला लागला होता. तो म्हणाला, "चला गा, थंड हवा खाऊन येऊ." एक बसभर कोष्टी मंडळी निघाली. सोबत स्वतःचा स्वयंपाकी, ज्वारीच्या पिठाचे डबे आणि जाऊ तिथे नावं ठेवायची आमची जुनी हौस.

मी, माझी बायको पुष्पलता आणि भागीरथावहिनी. बाकीचे हवा खायला निघाले होते, वहिनी नाही. माझा थोरला भाऊ चंपतराव ट्रक चालवायचा. त्याआधी काही वर्षं, लडाखात रस्त्याचं काम चालू असताना तो माल घेऊन गेला. तिकडे एका खाऱ्या तळ्याकाठी, मिठाच्या मैदानात त्याचा ट्रक सापडला. दादा सापडला नाही. वहिनीने कुंकू पुसलं नाही. रोज दिवेलागणीला ती त्याचं ताट वाढायची, थोडा वेळ समोर बसायची आणि मग त्याच ताटात स्वतः जेवायची. घरात कुणी तिला काही म्हणत नसे.

निघताना आईने मला बाजूला घेतलं. "शालिकराम, एक त्या मिठानं ठेवून घेतला. हिले परत आण."

आणि गाडी सुटल्यावर वहिनी हसत म्हणाली, "भाऊजी, ते दिसले तर मी मागं येत नाही. आताच सांगून ठेवते."

सगळे हसले. मीही हसलो, पण तोंडातल्या पानाची चव गेली.

वहिनीचा एक नियम तुम्हाला सांगायला हवा. मीठ कुणाच्या हातात द्यायचं नाही, दिलं की भांडण होतं. आपल्याकडे पुष्कळ घरी पाळतात, पण वहिनी म्हणजे फारच कडक. मिठाची वाटी ती खाली ठेवायची, मग ज्याला हवी त्याने उचलायची. गाडीत पुष्पलताने काकडीला मीठ मागितलं, तर हिने पुडी बाकावर ठेवली.

"आता गाडीत बी काय वं, जाऊबाई?"

"काहून? गाडीत भांडणं होत नाहीत काय?"

प्रवास मात्र झकास झाला. श्रीनगर झालं, घाट झाला, लेह झालं. पुढे झाड म्हणून दिसेना. उघडे तांबडे डोंगर आणि वर निळंभोर आभाळ. एवढ्या उंचीवर वरण शिजता शिजेना, तेव्हा स्वयंपाक्याने पिठल्यावर भर दिला. जिथे मुक्काम पडेल तिथे लहानू आधी ओरडायचा, "चंपतरावचं ताट वाढा, मग आपलं!" सुरुवातीला थट्टा करणारे लोकही पुढे पुढे त्या ताटासाठी थांबू लागले. मला फार बरं वाटायचं. आपली माणसं आपलीच असतात.

दिवस कलताना आम्ही त्या मिठाच्या मैदानाशी पोचलो. खळ देऊन वाळत घातलेला सुताचा ताणा पसरावा तशी पांढरी जमीन, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. पाऊल टाकलं की करकर वाजायची. तंबू लागले, चूल पेटली आणि कळलं की स्वयंपाकी मिठाची पिशवी लेहलाच विसरून आलाय. वहिनीची पुडीही संपलेली. पिठलं अळणी. चहूकडे मीठ आणि ताटात नाही, म्हणून सगळे पोट धरून हसले. पुष्पलता फुकटचं मीठ डब्यात भरू लागली.

वहिनी ताट घेऊन उठली. "त्यायचं मी तिकडं वाढते."

मी आवाज न करता मागे गेलो. बरीच दूर जाऊन ती बसली. समोर ताट ठेवलं. मीच विणलेल्या साडीचे तांबडे काठ त्या पांढऱ्यावर स्पष्ट दिसत होते. वारा पडला होता. घरी म्हणायची तसंच ती म्हणाली, "जेवा."

मग विडीचा वास आला. आमच्या बसमध्ये कुणीच विडी ओढत नव्हतं; ओढायचा तो दादा.

"भागी... पिठल्यात मीठ नाही."

आवाज दादाचा होता. तोच घोगरा, शेवटी ओढलेला. ताटापलीकडे अंधार जरा दाट झाला होता. त्यातून एक तळहात पुढे आला. चेहरा दिसला नाही.

वहिनीने जमिनीवरचा मिठाचा खडा उचलला, चुरला आणि हात पुढे केला. मला ओरडायचं होतं. आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

वहिनीचा हात थांबला. तिने मीठ ताटाशेजारी खाली ठेवलं.

"उचला."

"हातावर दे, भागी..."

"ठेवलं ना. उचला."

"हातावर दे..." तळहात जागचा हलला नव्हता, आवाज मात्र जवळ आला होता.

वहिनी उठली, पदर झटकला. वळून न बघताच म्हणाली, "चला भाऊजी. मागं पाहू नका." आम्ही चालू लागलो. आमच्या मागे आणखी कुणाची तरी करकर येत होती. तंबूंचा उजेड सुरू झाला तिथे ती करकर थांबली.

"वहिनी... दादाच होता ना?"

"नाही."

"आवाज तर..."

"आवाज त्यायचाच. पण मी मीठ हातात देत नाही, हे तुमच्या दादाले ठाऊक नाही काय? त्यायनं असं मांगितलंच नसतं." मग तिचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे ते या मिठात नाहीत, भाऊजी. कुठं ना कुठं आहेत." आणि त्या रात्री ती पोटभर जेवली. मला रडू आलं.

वहिनी परत आली. आईने दोघांची दृष्ट काढली. पुष्पलताचा मिठाचा डबा वहिनीने वापरू दिला नाही. मीठ फेकायचं नसतं, म्हणून फडताळात अगदी मागे सरकवून ठेवला. पाच वर्षं सुखात गेली.

गेल्या महिन्यात आमच्या मुलाचं, रवींद्रचं लग्न झालं. सून उमरेडची, कामाला वाघ आणि बोलायला गोड. दादा हयात नाही असं आमच्या घरात कुणी बोलतच नाही. रोजचं ताट बघून पोरीला वाटलं, मोठे मामंजी कामावरून उशिरा येत असतील.

आठ दिवसांपूर्वी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "काल मोठे मामंजी दिसले. तुमी सारे देवळात गेले होते. पाठमोरे जेवून राहिले होते. मीठ मांगलं त्यायनं. बरणीतलं संपलं होतं, म्हणून मी फडताळातला जुना डबा काढला."

वहिनीने विचारलं, "कुठं ठेवलंस?"

"ठेवलं नाही. हातातच देल्लं."

त्या दिवसापासून आम्ही तिच्यावर नजर ठेवून होतो. पोर आपली हसतीखेळती, कामात मग्न. आम्हाला वाटलं, निभावलं.

काल दिवेलागणीला तिला भाजीत घालायला मीठ हवं होतं. वहिनीने वाटी नेहमीसारखी जमिनीवर ठेवली. सूनबाईने ती उचलली नाही. तिने तळहात पुढे केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हातावर दे, भागी..."