मिस एडिथचे अकरा पेपर

माझं नाव दिगंबर, पण ओहायोतल्या डब्लिनच्या मराठी मंडळींत मला ‘थापाडे नाना’ म्हणतात.

म्हणू देत. ताम्हिणी घाटात वाघाने मला चपला आणून दिल्या, ही थापच होती. विमानात पायलटला चक्कर आली आणि मी उतरवलं, हीसुद्धा थाप.

पण आजची गोष्ट थाप नाही. माझ्या नातीच्या, अबोलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो.

गेला हिवाळा. डब्लिनपासून गाडीने पाऊण तासावरचं एक छोटं गाव. माझ्या मुलाने, प्रसादने, तिथे घर घेतलंय. गावाचं नाव सांगणार नाही. का, ते शेवटी कळेल.

आणि वेळ म्हणाल तर... सकाळचे सहा. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्या गावात सहाला बर्फातून एकटं चालून बघावं.

तर, त्या गावाला स्वतःचा पेपर आहे. ‘बीकन’. रोज निघतो, रविवारीही. स्ट्राउब नावाचं घराणं चार पिढ्या तो चालवतंय. आजूबाजूच्या तीन काउंटी, तेवढंच त्यांचं जग. शाळेची बास्केटबॉलची मॅच, चर्चमधला पॅनकेकचा नाश्ता, कुणाच्या डुकराला जत्रेत पहिलं बक्षीस मिळालं... सगळं फोटोसकट. पेपर टाकणारी बाई पहाटे व्हॅनमधून येते आणि नारिंगी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेपर प्रत्येक वर्गणीदाराच्या ड्राइव्हवेवर फेकते.

थप्प.

आता मी पुण्याचा माणूस. सकाळी चहाबरोबर हातात कागद लागतो. प्रसाद म्हणायचा, “नाना, फोनवर वाचा ना. पेपर कोण घेतं आता?”

रोज मॉर्निंग वॉकला जाताना कोपऱ्यावरचं निळ्या दाराचं घर लागायचं. तिथे दोन पेपर तसेच पडलेले दिसले. वर बर्फ भुरभुरलेलं. मी म्हटलं, मंडळी फ्लोरिडाला गेली असणार. कागद भिजून लगदा होण्यापेक्षा...

मी उचलले.

दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी एक. असे एकूण अकरा. वाचून झाले की तळघरात नीट घड्या घालून ठेवायचो. रद्दी म्हणून! अमेरिकेत रद्दीवाला येत नाही, हे डोक्याला कळतं. हाताला कळत नाही.

मग मला सर्दी झाली. तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही.

चौथ्या सकाळी निळ्या दारासमोर शेरीफची गाडी उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी बीकन विकत आणला. पहिल्याच पानावर मालकाने, वॉल्टर स्ट्राउबने, स्वतः लिहिलं होतं. वाचता वाचता माझा चहा निवला.

निळ्या दारामागे त्याची आत्या राहायची. मिस एडिथ स्ट्राउब, वय सत्त्याऐंशी. चाळीस वर्षं बीकनमध्ये काम केलेली. तिनेच पेपरमध्ये एक नियम घालून दिला होता. गावात एकटी म्हातारी माणसं पुष्कळ. म्हणून कुठल्याही दारात तीन पेपर साचले, की टाकणाऱ्याने ऑफिसात कळवायचं. ऑफिसने फोन करायचा. फोन उचलला नाही, तर शेरीफचा माणूस पाठवायचा. या नियमाने आजवर नऊ माणसं वाचली होती.

मिस एडिथ जिन्यावरून पडली होती. कंबर मोडली होती. डॉक्टरांच्या अंदाजाने ती पाच दिवस जिवंत होती.

वॉल्टरने फोन केले होते. तिने उचलले नाहीत. पण ती मानी बाई, रुसली की फोन घ्यायची नाही. त्याने पेपर टाकणारीला विचारलं. ती म्हणाली, “रोजचा पेपर रोज उचललेला असतो.”

मग वॉल्टर निर्धास्त झाला.

लेखाखाली एक रिकामी चौकट होती. आत एकच ओळ. ‘ज्याने पेपर नेले, त्याच्यासाठी ही जागा. आम्हाला फक्त खरं काय ते हवंय. तोवर ही चौकट रोज रिकामी छापली जाईल.’

मी काय केलं?

अकरा पेपर रीसायकलच्या डब्यात, अगदी तळाशी कोंबले. आणि घरी बीकन लावला, स्वतःच्या नावाने. ज्याच्या घरी पेपर येतो, त्याच्यावर कोण संशय घेणार?

आहे की नाही डोकं!

दोन दिवसांनी प्रसाद म्हणाला, “नाना, आज वॉकला नाही गेलात?”

“गेलो होतो की. आत्ताच आलो.”

“डोअरबेलच्या कॅमेऱ्यात तुम्ही दिसलाच नाहीत.”

त्याने फोन पुढे केला. दार उघडतं... कुणीच बाहेर येत नाही... दार लागतं.

“कॅमेरा बिघडलाय,” मी म्हटलं.

मग मी बाहेर येऊन बघितलं. ड्राइव्हवेवर रात्रीचं ताजं बर्फ. त्यावर सशाची पावलं होती. व्हॅनच्या चाकांची खूण होती.

माझ्या पावलांची... एकही नाही.

मी बर्फात पाय दाबून उभा राहिलो. पाऊल उचललं. खड्डा पडला होता. नजर वळवून परत बघितलं... बर्फ सपाट.

घरात सांगून बघितलं. सून चैत्राली हसली. “नाना, वाघाची गोष्ट यापेक्षा बरी होती हं.”

अबोली दुधातलं सीरियल खाता खाता म्हणाली, “नाना, यू आर सो वियर्ड.”

फेब्रुवारीत एका गुरुवारी संध्याकाळी तिघं नेपरव्हिलला निघाली, चैत्रालीच्या भावाकडे. सोमवारी परत येणार होती.

“एकटे राहाल ना? रोज फोन करू का?” प्रसादने विचारलं.

“कशाला? रोज सकाळी माझा सुप्रभात येतो ना ग्रुपवर? तो आला की समजायचं, नाना ठणठणीत.”

“हो, तो गुलाबाचा फोटो! सुप्रभात नाही आला तर पोलीस पाठवतो.”

आम्ही दोघं हसलो.

शुक्रवारी सकाळी सहाला मी चहा टाकला. बाहेर आवाज झाला. थप्प. आला पेपर, म्हटलं.

आणि मग दुसरा आवाज...

थप्प.

हा तळघरातून आला होता.

फोन ओट्यावर ठेवून मी तळघराचं दार उघडलं. दिवा लावला. पायऱ्यांवर नारिंगी पिशव्या होत्या. एका पायरीवर एक, खालपर्यंत. ओल्या. पाणी ठिबकत होतं.

मी मोजल्या. अकरा.

तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि पिशवी सटकली... सटकली की कुणी ओढली, ते मला आजही सांगता येत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा मी खालच्या फरशीवर होतो. उजवा पाय हलेना. ओरडून घसा बसला. त्या घरांच्या भिंती जाड, शेजार लांब. हाताशी पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा होता, म्हणून जगलो. तिच्याजवळ तेही नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. आजचा सुप्रभात गेलेला नाही. प्रसादला कळेल. माणूस येईल.

तेवढ्यात वरच्या पायरीचं लाकूड करकरलं. कुणीतरी बसल्यासारखं.

मग पिशवी सोडल्याचा आवाज आला... आणि पान उलटल्याचा.

शांतता.

पुन्हा पान उलटलं.

म्हातारं माणूस पेपर वाचतं ना, तसं. शांतपणे, एकही ओळ न सोडता. वर दिवा चालू होता. पायरी रिकामी दिसत होती. तासाभराने पेपर घडी होऊन माझ्या अंगावर पडला.

थप्प.

एक.

तिचे न वाचलेले पेपर ती वाचत होती. शुक्रवारी चार वाचले.

शनिवारी पहाटे बाहेर पेपर पडल्याचं ऐकलं. आजही सुप्रभात गेला नाही. आता येतीलच. मी दाराकडे कान लावून पडून राहिलो.

कुणीही आलं नाही.

वर ओट्यावर माझा फोन वाजला, वाजून वाजून थांबला. शनिवारीही चार पेपर झाले. आठ.

रविवारी बाहेर तिसरा पेपर पडला. आत नववा माझ्या छातीवर पडला. मग दहावा. गळ्यापर्यंत थंडी चढली होती. मला एवढंच कळत होतं, की अकरावा वाचून झाला की तिला खाली यायला मोकळीक.

अकराव्याची पिशवी सुटली. पान उलटलं.

मी जीव खाऊन ओरडलो. इंग्रजीत, जसं येतं तसं. “मिस एडिथ! मी नेले! अकरा पेपर मी नेले! मी वॉल्टरला सांगतो. त्या चौकटीत छापतो. प्रॉमिस!”

पान अर्ध्यावर थांबलं...

पायरी करकरली. कुणीतरी उठलं.

अर्ध्या तासात शेरीफच्या माणसांनी दार तोडलं.

हॉस्पिटलात प्रसाद धावत आला. रडत होता आणि चिडलाही होता. “नाना, दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. पण सुप्रभात रोज येत होता, म्हणून मी...”

“काय येत होतं?”

त्याने दाखवलं. शुक्रवार, गुलाब. शनिवार, गुलाब. रविवार, गुलाब. रोज सहा वाजून दहा मिनिटांनी. खाली चैत्रालीचा अंगठा. अबोलीचं बदाम.

माझा फोन ओट्यावरच सापडला होता. कधीचा बंद पडलेला, चार्जिंग संपून.

संध्याकाळी वॉल्टर स्ट्राउब आला. उंच, वाकलेला, हातात फुलं. पलंगाशी बसून हळूच म्हणाला, “तुमच्या दारात तीन पेपर साचल्याचं कुणी कळवलं माहितीये? पेपर टाकणारीने नाही. ती सोमवारी सांगणार होती. ऑफिसात फोन आला. माझ्या आत्याच्या घरून. ती लाइन आम्ही जानेवारीतच काढलीय. बाईचा आवाज होता. म्हणाली, ‘तीन झाले, वॉल्टर.’ एवढंच.”

त्याचे डोळे भरले होते. “मिस्टर दिगंबर, तुम्ही त्याच रस्त्याने चालायला जायचात. तिचे पेपर कोण न्यायचं, तुम्हाला काही ठाऊक आहे का?”

वचन दिलं होतं मी. जिभेवर आलं होतं.

पण दारात प्रसाद उभा होता. मनात आलं, मुलाचं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय. गावात नाव होईल. अबोलीला शाळेत चिडवतील.

“नो, सर,” मी म्हटलं.

खिडकीबाहेर... थप्प.

वॉल्टरला ऐकू गेलं नाही.

या गोष्टीला आता सात महिने झाले. पाय जुळलाय. बीकन रोज येतो. दुसऱ्या पानावर चौकट असते. रिकामी. ती बघितल्याशिवाय मला चहा जात नाही, आणि बघितल्यावरही जात नाही.

म्हणून आज एक युक्ती केली. छापतो म्हटलं होतं ना? मग छापावं. पण इथे, तुमच्या भुताखेतांच्या पानावर, मराठीत. वॉल्टरला मराठी येत नाही. गावाचं नाव दिलेलं नाही. आणि मंडळातले वाचतीलच, तर म्हणतील, थापाड्याची आणखी एक थाप. कबुलीही झाली, बोभाटाही नाही. वचन पाळलं.

इथवरचं रात्री लिहून मी सात महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपलो.

पुढचं आज सकाळी लिहितोय.

उठलो तेव्हा साडेसहा झाले होते. तळघराचं दार उघडं होतं. वरच्या पायरीवर नारिंगी पिशवी पडली होती, सोडलेली. आणि पेपर. जानेवारीतला अकरावा. अर्ध्या पानावर उघडा.

स्वयंपाकघरातून चैत्राली म्हणाली, “नाना, आज गुलाब बदललात वाटतं? हा जास्त छान आहे हं.”

मी अजून काहीच पाठवलं नव्हतं. फोन उशाशी होता. ग्रुप उघडला...

सहा वाजून दहा मिनिटं. सुप्रभात.

शुक्रवारी ही तिघं परत नेपरव्हिलला चाललीत. मी म्हटलं, “मीही येतो रे.” प्रसाद म्हणाला, “नाना, सहा तास गाडीत तुमचा पाय आखडेल. आणि आता तर शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय. शिवाय तुमचा सुप्रभात असतोच की.”

वॉल्टरचा नंबर बीकनच्या शेवटच्या पानावर असतो. मी तो कागदावर लिहून घेतलाय. कागद समोर आहे. फोनही समोर आहे.

आज बुधवार.

तळघराचं दार मी आत्ताच लावून आलो. कडी घातलीये. खुर्चीही लावलीये.

आतून पान उलटल्याचा आवाज आला...