दोघांचा एकच दवाखाना

"सात नंबर!" नर्स ओरडली, आणि कोपऱ्यातलं वर्तमानपत्र खाली आलं. रांगेतली शिंपीण ताडकन उभी राहिली. वर्तमानपत्रामागे तिचाच नवरा! बायकांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, दहा बायकांत एकटा बसलेला... अंगात बस ड्रायव्हरची खाकी, कान लालबुंद.

"तुम्ही?"

"तू? तू तर दोरे आणायला गेलीस ना?"

"आणि तुमची बसवर ड्युटी होती ना?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं तर दोन चोर समोरासमोर!

तिची पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. गेले आठ महिने नवरा जवळ आला की ती "कंबर दुखते" म्हणून कूस बदलायची. कंबर बिचारी ठणठणीत होती. दुखायचं ते दुसरंच, काच टोचल्यासारखं... पण सांगणार कोणत्या तोंडानं? मग त्यानंही "मी फार घोरतो" म्हणत बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकलं. असंच चाललं तर आपण एका घरातले दोन भाडेकरू होणार, या धास्तीनं तिला झोप नव्हती. आज तिनं मनाशी पक्कं केलं होतं. लाज गेली खड्ड्यात, विचारायचंच!

"तुम्हाला काय झालंय?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"मला कुठं... तुझंच विचारायला आलोय."

त्याच्या हातातल्या बसच्या तिकिटामागं काहीतरी लिहिलेलं होतं. तिनं ते हिसकावलं. 'रात्री घाम. चिडचिड. झोप नाही. माझ्याकडे पाठ.'

शेवटचे शब्द वाचले आणि तिचे डोळे भरून आले. हा माणूस ड्युटी बुडवून, एवढ्या बायकांत मान खाली घालून, हे विचारायला आला होता!

"चला," ती म्हणाली. "दोघंही आत जाऊ."

आत तिनं एका दमात सांगून टाकलं. "खाली कोरडं पडलंय. जवळ आलो की दुखतं. म्हणून मी टाळते."

"अगं, मग मला सांगायचं नाही का?" नवरा म्हणाला.

"वेडे आहात दोघं," डॉक्टरीणबाई हसल्या. "पाळी गेली की असं पुष्कळजणींना होतं. शरीरातलं हॉर्मोन कमी होतं, आतली त्वचा नाजूक आणि कोरडी पडते." आधी त्यांनी नीट तपासलं. मग जवळ येताना लावायचं जेल सांगितलं, ओलावा टिकवणारं दुसरं मलम सांगितलं, तिथं साबण बंद केला. फरक नाही पडला तर हॉर्मोनचं क्रीम देता येईल, म्हणाल्या. "आणि घाई अजिबात नको. ऐकलंत का, ड्रायव्हरसाहेब?"

"ऐकलं," साहेब जमिनीकडे बघत म्हणाले.

औषधं घेऊन दोघं रस्त्यावर आले. तो हळूच म्हणाला, "मला वाटलं... तुला मी नकोसा झालो."

ती भर बाजारात थांबली. त्याचा हात धरला... लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण रस्त्यात पहिल्यांदाच!

"नीट ऐका. दुखलं की मी थांबा म्हणणार."

"मी थांबणार."

"लगेच?"

"लगेच. आणि... नाही दुखलं तर?"

ती गालातल्या गालात हसली. "तर मी काहीच म्हणणार नाही. मला तुम्ही हवे आहात. आठ महिने हवे होतात."

छप्पन्न वर्षांचा ड्रायव्हर असा काही लाजला, की समोरून त्याच्याच डेपोची बस गेली तरी त्याला दिसली नाही.