तीन पाण्यांनी धुतलेलं शेवाळ

भांडार डावीकडे होतं, शेवाळवाला उजवीकडे वळला. पाठीवर ओलं पोतं, मागे पाण्याची लांब रेघ... आणि समोर प्रयोगशाळेची नुकतीच पुसलेली फरशी, आणि ती पुसून घेणारी बाई.

"भांडार पलीकडे आहे," ती म्हणाली.

"कळलं आता. पण तिथे नुसती पोती आहेत. इथे निदान कुणी रागावतंय तरी."

समुद्रशेवाळातून मलमाला लागणारं द्रव्य काढायचं, आणि शंभर ग्रॅममागे किती निघालं ते वहीत लिहायचं, हे तिचं काम. माणसंही ती तशीच जोखायची. गोड बोलणाऱ्यांत सार कमी, असं तिचं जुनं मत. मत जुनं खरं, तरी तिने त्याच्याकडे स्टूल सरकवलं.

तो पोलादी भांडं न्याहाळत बसला. "कुकर आहे का हा?"

"तसाच काहीसा. आत दीडशे अंशांचं पाणी आहे. दाबात कोंडलंय म्हणून त्याची वाफ होत नाही. ते शेवाळातलं हवं ते ओढून घेतं."

"आणि शिट्टी?"

"होत नाही."

"मग झालं हे कळतं कसं?"

"घड्याळ बघायचं. थांबायचं."

"अवघड आहे..." तो तिच्याकडे बघत म्हणाला, आणि तिला उगाचच दाबाचा काटा तपासावासा वाटला.

साहेब दोन किनाऱ्यांचं शेवाळ तपासून त्यातला एक निवडणार होते. त्याचा किनारा निवडला गेला तर तो दर आठवड्याला येणार. नाही तर त्याला इथे काही काम नव्हतं. हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही त्यावर बोलत नव्हती.

दुसऱ्या खेपेला त्याने तिची बोटं पाहिली. शेवाळात वाळू असायची, शिंपल्यांच्या कपच्या असायच्या. निवडताना बोटं चिरायची आणि वर खारं पाणी झोंबायचं.

"हातमोजे देत नाहीत का तुम्हाला?"

"देतात. मोठे पडतात."

हे खोटं होतं. मोजे खणात होते. पण ते घातले असते, तर त्याने तिचं बोट उजेडाकडे धरून, श्वास रोखून, इतक्या हलक्या हाताने कपची काढली असती का?

"कुकरवाल्या बाई," बोट न सोडता तो म्हणाला, "निवड होऊ दे. मग तुम्हाला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा की."

"तुम्हीच म्हणालात ना... थांबायचं."

पुढच्या खेपेचं शेवाळ स्वच्छ होतं. त्याच्या पुढचं तर इतकं लखलखीत, की निवडायला काही उरलंच नाही. ती मनातून सुखावली. वही मात्र सुखावत नव्हती. अठरा ग्रॅम निघायचे तिथे चौदा निघाले, मग नऊ. तिने झाकणाचं रबर बदललं, तापमापक पडताळला, दाबाचा काटा दोनदा तपासला.

"यंत्र ठीक आहे," साहेब म्हणाले. "तो जुना माल मिसळतोय. गोडबोले असेच असतात."

तिचंच मत दुसऱ्याच्या तोंडून आलं, म्हणून ते तिला खरं वाटलं. तिने अहवालावर सही केली.

शेवाळवाला निकाल विचारायला आला तेव्हा ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "जुना माल मिसळून वर धुऊन चकचकीत केलात. आम्हाला कळत नाही असं वाटलं?"

तो आधी हसला. मग त्याचं हसू ओसरलं.

"ताजंच होतं. तीन पाण्यांनी धुतलं, मग दोन दिवस विहिरीच्या गोड्या पाण्यात ठेवलं. वाळूचा कण राहू नये म्हणून. तुमचे हात... मोजे मोठे पडतात म्हणालात ना."

तिच्या हातातलं पेन थांबलं. जे ओढायला तिच्या भांड्याला दीडशे अंश आणि एवढा दाब लागायचा, त्यातलं निम्मं गोड्या पाण्यात आपसूक निघून गेलं होतं. विहिरीकाठच्या मातीत.

"मी साहेबांना सांगते. पुन्हा नमुना घेऊ—"

"दुसऱ्या किनाऱ्याशी सकाळीच ठरलं. भांडारात कळलं मला. तरी म्हटलं, तुमच्या तोंडून ऐकावं." त्याने रिकामं, अजून ओलं पोतं उचललं. "कुकरचा नट न् नट तपासलात, बाई. मलाही एकदा विचारायचं होतंत."

"तुम्हाला... काय विचारायचं होतं मला?"

"राहू दे."

दाराशी फडकं होतं. त्याने ते घेतलं, पोत्यातून ठिबकलेली ओली रेघ शेवटपर्यंत पुसली, आणि गेला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या किनाऱ्याचं पोतं आलं. वाळू, शिंपले, एक मेलेला खेकडा. एकोणीस ग्रॅम निघाले.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" साहेब म्हणाले.

तिने आकडा वहीत लिहिला. मग खण उघडला आणि मोजे चढवले. बरोबर मापात बसले.