उलटल्यानंतरचा अबोला

नणंद-भावजयीने एका नावेत बसावं की नाही, यावर त्या घरात दर रविवारी वाद व्हायचा, आणि दर रविवारी त्या दोघी बसायच्याच.

नणंदेला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरत नसे. तिचं चष्म्याचं दुकान होतं. डोळ्याला दिसतं त्यातलं निम्मं मेंदू स्वतःच्या मनानं भरतो, हे ती गिऱ्हाइकांना मोठ्या आवडीनं समजावून सांगे. वहिनी एका कचेरीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घेतल्यावर घरी येऊन तिची जी टकळी सुरू व्हायची, ती झोप लागेपर्यंत.

पण ती रुसली की घर चिडीचूप. अबोला म्हणजे अबोला. काही विचारलं की हातातला चमचा ओट्यावर आपटायची. एकदा आपटला की हो, दोनदा आपटला की नाही. "चहा घेशील?" टक. "राग गेला का?" टक, टक. तिचा नवरा, म्हणजे भिंगरीचा दादा, म्हणायचा, "चमच्याला तरी काय ते नीट बोलू दे!"

खाडी ओलांडायची शर्यत वर्षातून एकदा व्हायची. या काठावरून सुटायचं, पलीकडच्या धक्क्याशी पोचायचं. ज्याच्याकडे जे शीड असेल ते घेऊन यावं. पायाखाली फळी आणि हातात शीड धरणारे सर्फवाले, आकाशात पतंग सोडून त्याच्यामागे पाण्यावरून घसरत जाणारे काइटवाले, आणि दोघादोघांच्या अरुंद स्किफ नावा. दादा सर्फवाला. त्याच्या मते नाव म्हणजे पाण्यावरचा सोफा.

सोफा कुठला! स्किफ इतकी हलकी की वारा लागला की कलंडलीच. ती सरळ ठेवायची तर दोघींनी कमरेचा पट्टा डोलकाठीवरून आलेल्या तारेला अडकवायचा, काठावर पाय रोवायचे आणि अख्खं अंग पाण्यावर बाहेर झोकून द्यायचं. पुढे वहिनी, मागे सुकाणू धरून भिंगरी. शर्यतभर भिंगरीला दिसायची ती फक्त वहिनीची पाठ: पिवळं जाकीट, निळं हेल्मेट. नियम एकच. भिंगरीनं "वळतेय!" ओरडायचं, वहिनीनं "वळ!" म्हणायचं, मगच सुकाणू फिरवायचं. उत्तराआधी फिरवलं तर पुढची बाई पाण्यात.

दर वर्षी त्या अर्ध्यातच उलटायच्या आणि बचावबोटीच्या मागे दोरीनं बांधून परत यायच्या. यंदा घरात ठरलंच होतं, पोचल्या नाहीत तर नाव विकायची. दातांचा डॉक्टर, जो स्वतः काइटवाला होता, ती घ्यायला टपून बसला होता. आदल्या दिवशी टेप आणून मापंसुद्धा घेऊन गेला मेला. तो गेल्यावर भिंगरीनं नाव पुन्हा एकदा पुसून काढली. दुकान, घर आणि पुन्हा दुकान, त्यात रविवार तेवढा तिचा होता. आणि खरं सांगायचं तर तो वहिनीमुळे तिचा होता. एवढी बडबड दुसऱ्या कुणाची तिनं ऐकूनच घेतली नसती.

शर्यतीच्या सकाळी वारा झोंबत होता. भोंगा वाजला आणि काइटवाले सूं करून पुढे गेले. दादा बाजूनं जाताना ओरडला, "पलीकडे चहा सांगून ठेवतो! गारच प्यावा लागेल तुम्हाला!"

"तुझ्याआधी पोचून उकळते की नाही बघ!" वहिनीनं सुनावलं, आणि लगेच कालच्या कुठल्याशा तक्रारवाल्याची गोष्ट सुरू केली.

खाडीच्या मध्यावर पाणी हिरव्याचं एकदम काळं होतं. तिथं पोचल्यावर भिंगरी ओरडली, "वळतेय!" वहिनीची गोष्ट ऐन रंगात आली होती. उत्तर काही येईना. वाऱ्याचा मोठा झोत पाण्यावरून चालून येताना दिसला आणि भिंगरीनं सुकाणू फिरवलं.

दोघी पाण्यात.

"जरा तोंड मिटलं असतंस तर काही बिघडलं असतं का?" नाकातोंडातलं पाणी थुंकत भिंगरी किंचाळली. शिडाच्या पलीकडून उत्तर आलं नाही. नावेच्या पोटाखालच्या पात्यावर चढून तिनं सगळा भार टाकला. नाव सरळ होते तेव्हा शिडाच्या बाजूचा माणूस आपोआप आत उचलला जातो, ही नेहमीचीच रीत. शीड फडफडलं, भरलं, आणि नाव सुटली. खाऱ्या पाण्यानं चुरचुरणारे डोळे पुसून तिनं पाहिलं. पुढे पिवळं जाकीट, निळं हेल्मेट, तारेला अडकून बाहेर झुकलेली पाठ.

"ठीक आहेस ना?"

नावेच्या अंगावर आवाज झाला. टक.

झालं! भिंगरी मनात म्हणाली. बसला अबोला. टाचेनं आपटत असणार.

मागे कुठंतरी बचावबोटीचं इंजिन घरघरत होतं, पण स्किफमध्ये मागे वळून बघायची सोय नसते. थोड्या वेळानं ते शिडाआडून पुढे निघून गेलं. आणि नाव तर काय चालली होती! इतक्या वर्षांत अशी कधी चालली नव्हती. झोत आला की ती पाठ नेमकी तेवढी बाहेर जायची, सरला की नेमकी तेवढी आत यायची. "वळतेय!" म्हटलं की टक, आणि पाठ शिडाखालून वाकून दुसऱ्या बाजूला. वाकताना तोंड खाली, रुसलेल्या माणसासारखं. भिंगरीला इतका आनंद झाला की तिनं एका सर्फवाल्याला मागे टाकताना चक्क शीळ घातली.

एकदोन गोष्टी तिच्या लक्षात आल्या, नाही असं नाही. वहिनी उन्हासाठी चेहऱ्याला गुलाबाच्या वासाचं मलम थापायची. त्याचा वास वाऱ्याबरोबर मागे यायचा. आता ओल्या चिखलाचा येत होता, तळातल्या. भिंगरीचं जाकीट वाऱ्यानं वाळत आलं होतं. पुढचं पिवळं जाकीट मात्र आत्ताच वर आल्यासारखं निथळत होतं. शिंतोडे उडत असतील पुढे, तिनं स्वतःला सांगितलं.

धक्का दिसू लागला. पोचत होत्या त्या. नाव कुणाला द्यावी लागणार नव्हती.

"वहिनी, चुकलं माझं," ती वाऱ्यावर ओरडली. "तुझ्या उत्तराची वाट न बघता वळले मी. वर तुलाच बोलले. ऐकतेयस ना? मला तुझ्याशिवाय नाही गं जमत. यापुढे नाव पाण्यात लोटीन तर तुझ्याचबरोबर. जन्मभर. येशील ना?"

तिनं कान पुढे केला.

टक.

भिंगरी ओल्या डोळ्यांनी हसली. तसंच हसत तिनं धक्क्याकडे पाहिलं.

धक्क्यावर वहिनी उभी होती.

खांद्यावर टॉवेल, हातात निळं हेल्मेट, शेजारी दादा. दोन्ही हात हलवत ती काहीतरी ओरडत होती. बचावबोट तिच्या पायाशी बांधलेली होती.

भिंगरीनं समोर पाहिलं.

पाठ होती. पिवळी, निथळती.

शेवटचं वळण आलं होतं. वळलं नाही तर नाव धक्क्याच्या दगडांवर जाणार होती. तिनं सुकाणू घट्ट धरलं. शब्द सवयीनंच तोंडातून निघाला.

"वळतेय."

टक. या वेळी तिला कळलं, आवाज टाचेचा नव्हता. तो नावेच्या आतून येत होता.

ती वळली. पाठ वाकली, शिडाखाली गेली. पलीकडे निघाली नाही.

नुसती तार हेलकावत होती. कडीतून पाणी गळत होतं. त्या वाऱ्यात एकट्या भिंगरीच्या भारानं नाव उलटायलाच हवी होती. ती तशीच, दोघींची असल्यासारखी सरळ, धक्क्याशी पोचली. भोंगा वाजला.

"भवाने! मला पाण्यात टाकून गेलीस!" वहिनीनं आधी पाठीत धपाटा घातला आणि मग घट्ट मिठी मारली. "बोटवाल्यानं उचललं म्हणून बरं! आणि एकटीनं आणलीस? या वाऱ्यात?"

"एकटी कशी?" दुर्बीण गळ्यात अडकवलेला पंच म्हणाला. "दोघी होत्या. मी मघापासून बघतोय."

"ऊन लागलंय तुम्हाला," वहिनी म्हणाली. "चहा प्या."

सगळे हसले. पंचानं दोघी पोचल्या असं जाहीर केलं, आणि दातांच्या डॉक्टरचा चेहरा पडला. त्या आठवड्यात वहिनीनं ती गोष्ट कचेरीत तक्रार करणाऱ्यांनासुद्धा सांगितली. डोळा फसतो, हे भिंगरीच्या धंद्यात रोजचंच. दुपारी भिंगं घासता घासता तिनं तेवढं स्वतःला पटवलं, आणि बरीच वर्षं लागली नव्हती अशी शांत झोप तिला लागू लागली.

पुढच्या रविवारी काठावरच्या शेडमध्ये ती नावेवर पाईपनं पाणी मारत होती. स्वच्छ ऊन होतं. शेजारच्या खोलीत वहिनी कपडे बदलत एकटीच बडबडत होती. भिंगरीनं नावेच्या ओल्या पोटावरून हात फिरवला. ही आपली, आता कुणी नेत नाही, या विचारानं तिला भरून आलं.

"निघायचं ना गं बाई?" ती लाडानं नावेला म्हणाली.

टक.

उन्हानं तापून वाजलं असेल. ती हसलीसुद्धा.

"भिंगरे, आले हं!" आतून वहिनी ओरडली. "मला घेतल्याशिवाय जाऊ नकोस!"

भिंगरीचा तळहात अजून नावेवरच होता. त्याच्या बरोबर खाली, आतून, अगदी हळू आवाज झाला.

टक. टक.