पाळी बदलताना

बसा. दार लोटून घ्या. आणि तो मोबाइल पालथा घाल रे, अंधारात तुझं उजळलेलं तोंड बघून मलाच धडकी भरते.

हे घडलं माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत. तुमच्या काकूचा धाकटा भाऊ, फौजेत आहे तो. भुताखेतांची टिंगल करणारा माणूस. खोटं वाटलं तर त्याला विचारा, मला विचारू नका. माझं डोकं फिरतं.

गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. मेव्हणा एका गावात ट्रंक पोचवायला गेला होता. ट्रंक त्याच्या जोडीदाराची. अंगानं लहान म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणायचे. परदेशात शांतिसेनेच्या एकाच चौकीवर दोघं होते. मेव्हणा परत आला. बारक्याची ट्रंक आली.

आता तिथली तऱ्हा ऐका, म्हणजे पुढचं कळेल. तुम्हाला वाटतं, फौजेत सगळं टकाटक असतं. कसलं काय. नुसतं वाळवंट, दुपारी लोखंडाला हात लावायची सोय नाही, आणि या पोरांना बूट दिलेले थंडीच्या मुलखातले. उन्हानं त्यांचा गोंद वितळायचा आणि तळवे सुटायचे. मग तारेनं बांधून चालायचं. पाण्याचा टँकर आधी डिझेलचा होता, त्यामुळे चहा प्याला तरी ढेकर डिझेलची. वर कळवलं की एकच उत्तर, सामान निघालंय. निघालं असेल बापडं, पोचलं मात्र कधी नाही.

आणि गोळी अडवणारी जॅकेटं, ती पोलादी प्लेटा घातलेली, माणसांपेक्षा कमी. म्हणून पोरांनी आपसात एक रीत पाडली होती. पहाऱ्याच्या मचाणावरून उतरणाऱ्यानं अंगातलं जॅकेट काढायचं आणि चढणाऱ्याच्या अंगात आपल्या हातानं घालायचं. कुशीचे पट्टे आवळायचे. पाठीवर दोन थापा मारायच्या आणि म्हणायचं, "जा." तेव्हा पाळी बदलली. दुसऱ्याच्या घामानं भिजलेलं, आंबूस वासाचं जॅकेट, पण त्या थापा पडल्याशिवाय कुणी वर चढत नसे.

एका रात्री मेव्हणा खाली उतरला तोच हुकूम आला, तसाच टँकरबरोबर निघ. जॅकेट त्याच्या अंगातच राहिलं. चौकीवर दुसरं नव्हतं. बारक्या म्हणाला, "जा रे तू, मी बघतो इकडचं." नुसत्या शर्टावर वर चढला.

वाटेत टँकरवर गोळ्या सुटल्या. एक मेव्हण्याच्या छातीवर बसली, प्लेटनं अडवली. त्याच रात्री चौकीवरही गोळीबार झाला. बारक्याच्या छातीवर काहीच नव्हतं.

मग चौकशी लागली. साहेबलोकांनी हात वर केले. म्हणे जॅकेटं मुबलक होती, यानंच उकडतं म्हणून घातलं नाही, निष्काळजी होता. बघा म्हणजे. बूट यांना धड देता येईनात, आणि खापर फोडायचं मेलेल्या पोराच्या डोक्यावर. मला तर हे सांगतानाही चीड येते. बुधवारी सकाळी मेव्हण्याची साक्ष होती. आदल्या दिवशी एका साहेबाचा फोन आला, अगदी गोड आवाजात. "तूही तेच बोल. बढती तोंडावर आली आहे तुझी. घरी लहान मुलगी आहे." मेव्हणा म्हणाला, "हो साहेब."

त्या रात्री त्यानं ट्रंक बारक्याच्या वडिलांच्या खाटेशी ठेवली. म्हातारा ती उघडेना. एवढंच विचारलं त्यानं, "तू होतास ना तिथं? माझा मुलगा निष्काळजी होता का रे?"

मेव्हण्यानं ट्रंक खाटेखाली सरकवली. मग "येतो बाबा" म्हणाला आणि उठला.

गावातून हमरस्त्यापर्यंत कच्ची वाट. दोन्हीकडे मोकळी रानं, चंद्र नाही. शेवटची गाडी गाठायची म्हणून तो भराभरा निघाला. शेवटचं घर मागं पडलं, आणि मागून आवाज यायला लागला.

फट्... फट्...

कुणीतरी चालत होतं. एका बुटाचा तळवा सुटलेला.

मेव्हणा थांबला. आवाज थांबला.

तो निघाला. फट्... फट्... जवळ. आणखी जवळ.

मान वळेना त्याची. पण पठ्ठ्या पळाला नाही. समोर बघूनच म्हणाला, "मारायचं तर मार. जॅकेट माझ्या अंगात होतं... मला माहीत आहे."



मग खांद्यांवर वजन आलं.

जड. ओलं. तो आंबूस वास...

उजव्या कुशीला काहीतरी आवळलं गेलं. मग डाव्या.

पाठीवर थाप.

...

दुसरी थाप.

"जा" हा शब्द काही आला नाही. त्यानं वळून बघितलं, वाटेवर कुणी नव्हतं. तिकडे हमरस्त्यावर गाडीचे दिवे दिसले, गाडी थांबली, निघून गेली. हा गावाकडे परत फिरला.

म्हाताऱ्याचं दार वाजवलं. उंबऱ्यातच म्हणाला, "बाबा, तुमचा मुलगा निष्काळजी नव्हता. द्यायला जॅकेटच नव्हतं. होतं ते मी नेलं. उद्या साक्ष आहे माझी."

म्हाताऱ्यानं दाराला धरलं. मग म्हणाला, "हे उद्या त्यांच्यासमोर बोलशील?"

"बोलेन."

पहाटेच्या पहिल्या गाडीनं गेला आणि बोलला. बुटांपासून टँकरपर्यंत एकेकाचे वाभाडे काढले. तो गोड आवाजाचा साहेब तिथंच होता. म्हणाला, "पुरावा काय?" मेव्हणा म्हणाला, "मी जिवंत आहे, हाच." बढती गेली, गोदामात बदली झाली. होऊ दे. बारक्याच्या नावापुढचा निष्काळजी हा शब्द मात्र त्यांना खोडावा लागला.

पण त्या साक्षीच्या सकाळी आत जाताना कचेरीच्या दारात तपासणीची चौकट होती, धातू ओळखणारी. मेव्हणा तिच्यातून गेला, ती ओरडली. किल्ल्या काढल्या, पट्टा काढला, बूट काढले. तरी ओरडली. पहारेकऱ्यानं हातातलं यंत्र अंगावरून फिरवलं. खिसे गप्प. पाय गप्प. छातीवर आणलं आणि ते किंचाळलं. पाठीवर नेलं, तिथंही किंचाळलं. शर्टाची बटणं उघडायला लावली. आत नुसता बनियन.

पहारेकरी दोन पावलं मागं सरला. हातानंच आत जा म्हणून खूण केली.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं स्टेशनवर गेलो होतो. तिथंही तसली चौकट. मी आधी गेलो, काही झालं नाही. मग मेव्हणा आला. पोरगेल्या शिपायानं यंत्र फिरवलं आणि विचारलं, "आत काय घातलंय? काढा ते."

मेव्हण्यानं छातीवर हात ठेवला. म्हणाला, "नाही काढणार."

यंत्र वाजतच होतं.